जमतं

अडतीस टक्के, असं लिहून आलं.
शिक्का गोल, जांभळा, एका कडेला फाकलेला.
चाळीस लागतात.
म्हणजे दोन टक्के माझा हात अजून शाबूत आहे
आणि तेवढ्यासाठी तहसीलची खिडकी बंद.

मानवतच्या जिनिंगमध्ये गेला उजवा, रुळात.
चार बोटं गेली, अंगठा राहिला,
उभा, एकटा, हरकत घेतल्यासारखा.
सरकी उडत होती. मुकादम ओरडला, पट्टा बंद करा रे,
आणि मला आधी वाटलं, कापसाला काही झालं.

परभणीच्या सरकारी दवाखान्यात बुधवारी बोर्ड बसतो.
भाचीनं केस विंचरून दिले.
ठेवणीतलं पातळ नेसले,
मोठ्या डॉक्टरांपुढं जायचं म्हणून.
नंबर सत्तेचाळीस. माझ्या पुढं एक बाई,
बारा वर्षांचं पोरगं पाठीवर.
तिला विचारलं, चालतो का हा?
ती नुसतीच हसली. मी खाली बघितलं.

मला म्हणाले, बाटली उचला.
उचलली.
गुंडी लावता येते?
लावली. डाव्या हातानं, दातानं,
मानेवरून घाम गेला, पण लावली.
पेन?
अंगठा अन् तळव्याच्या मधे धरून
'निलावती' अशी सही केली, वेलांटीसकट.
डॉक्टरांनी मान डोलावली.
मला बरं वाटलं. पास झाल्यासारखं.

दुसरं काही शिकवलंच नव्हतं कुणी.
नऊ वर्षांची असताना वेचणीला उभी राहिले
तेव्हापासून एकच उत्तर.
जमतं का गं? जमतं.
ताप आलाय. जमतं.
सातवा महिना लागलाय. जमतं की.
जमत नाही म्हणणारीला
उद्या ये म्हणत नाही कुणी.

कोर्टाच्या मागं, झेरॉक्सवाल्याच्या पलीकडं
विधी सेवेची खोली आहे.
वकीलबाई तांबोळी, तिशीच्या असतील,
मला बघून डब्यातली अर्धी भाकर झाकली.
म्हणाल्या, तुम्ही बाई आहात, तेवढ्यावरच वकील फुकट मिळतो.
चला, बाई असल्याचं एवढं तरी निघालं, म्हणून मी हसले.
त्या हसल्या नाहीत.

बाटलीचं त्यांनी विचारलंच नाही.
गुंडीला किती वेळ लागतो?
पीठ कोण मळतं?
वेणी?
रात्री हात कुठं ठेवून झोपता?
थंडीत दुखतात का, नसलेली बोटं?

मी गप्प. पंख्याखाली कागद फडफडत राहिले.
मग सांगितलं.
भाकर थापता येत नाही. उलथण्यानं पसरते,
जाड होते, कडेला फाटते,
आणि नवरा काही बोलत नाही
तेच जास्त लागतं.
हळदीत हात पदराखाली ठेवते.
दुखतात, हो. करंगळी सगळ्यात जास्त.

त्या लिहीत गेल्या.
आठ वर्षांत पहिल्यांदा माझं 'जमत नाही'
कुणीतरी उतरवून घेत होतं, शाईनं, तारीख टाकून.

अर्ज दोन पानी झाला. फेरतपासणी व्हावी ही विनंती.
वाचून दाखवला तेव्हा
त्यातल्या अर्जदार बाईचं मला फार वाईट वाटलं.
अंगठ्याखाली सही करताना कळलं, कोण ती.

वाढतील का टक्के?
सांगता येत नाही, म्हणाल्या. मागं एकाचे वाढले,
एकाचे होते तेवढेच राहिले.
खोटं काही बोलू नका.
फक्त तिथं नीट दिसायला जाऊ नका.

आज पुन्हा बुधवार.
केस मीच विंचरलेत, जसे विंचरता येतात तसे.
पाथरीहून आलेली गाडी, गच्च.
ओठातल्या ओठात घोकत बसलेय,
जमत नाही, जमत नाही, जमत नाही.
कंडक्टर म्हणतो, मावशी, दोघींत तिसरीला घ्या की,
जमतंय का?
जमतं, म्हणाले,
आणि सरकलेसुद्धा खिडकीकडं,
हात मांडीवर ओढून.